ज्याच्या हाती चिमटा

जपानच्या पर्यावरण मंत्रालयानं २००१ साली देशभरातून १०० सुवास निवडले आणि त्यांची अधिकृत यादी जाहीर केली. फुरानोचं लॅव्हेंडर त्यात आहे, तोक्योतल्या कान्दा भागातली जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. आणि या सात्त्विक मंडळींच्या पंगतीत ऐसपैस मांडी घालून ओसाकातल्या त्सुरुहाशी स्टेशनचा परिसर बसला आहे. त्सुरुहाशीला फुलं बघायला कुणी जात नाही, पुस्तकं घ्यायला तर नाहीच. तिथे मांस भाजतात. तो वास फलाटावर येतो, लूप लाइनच्या लोकलचं दार उघडलं की आत शिरतो आणि पुढच्या स्टेशनपर्यंत बिनतिकीट प्रवास करतो. सरकारनं त्याला सुवास म्हटलं. आपल्याकडे अशी समिती नेमली तर दादरचा फुलबाजार, पहिल्या पावसाची माती आणि देवघरातला धूप इथपर्यंत एकमत होईल. कोल्हापुरातल्या एखाद्या मटणाच्या खानावळीचं मागचं दार कुणी सुचवलं, की दोन सदस्य राजीनामा देतील आणि उरलेले तिथेच जेवायला जातील.

त्या वासाचं नाव याकिनिकू. टेबलाच्या मधोमध भोक, भोकात शेगडी, शेगडीवर जाळी. वेटर कच्च्या मांसाची ताटली आणून ठेवतो, अदबीनं वाकतो आणि निघून जातो. नवा माणूस बराच वेळ त्याची वाट पाहतो. तो येत नाही. भाजायचं आपण, उलटायचं आपण, करपलं तर एकमेकांकडे बघायचं आपण आणि शेवटी बिलही आपणच द्यायचं. जगभरातल्या हॉटेलवाल्यांनी आजवर आचाऱ्यांच्या पगारावर किती पैसे उधळले, याचा विचार करून मला त्यांची दया आली. स्वस्त याकिनिकू स्वस्त कसं पडतं, याची उत्तरं अर्थशास्त्रात पुष्कळ असतील. माझं उत्तर असं, की इथे गिऱ्हाईक स्वतः मजुरी करतं आणि ती मजुरी आपल्यालाच मिळावी म्हणून बरोबरच्यांशी भांडतं.

त्यातही पुरुष.

आमच्या घरात पुरुषांचा स्वयंपाकघराशी संबंध गॅसचा सिलिंडर बदलण्यापुरता. चहाची पूड कुठल्या डब्यात आहे, हे माझ्या नवऱ्याला मी अजूनही फोनवरून सांगते, आणि फोन ठेवल्यावर तो साखरेचाच डबा उघडतो. अशा माणसाच्या हातात चिमटा दिला आणि समोर विस्तव ठेवला, की त्याच्या आत कुणीतरी उठून बसतं. पण तिथे पोचण्याआधी थोडा इतिहास, कारण ताटली यायला वेळ आहे.

जपाननं ही आग फार उशिरा पेटवली. सम्राट तेम्मू यांनी इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला शेतीच्या महिन्यांत मनाई केली. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली मांस खाणं हे एकंदरीतच चारचौघांत न करायचं काम ठरलं आणि ते हजारेक वर्षं तसंच राहिलं. अर्थात मनाई आली की वाट निघतेच. रानडुकराला ‘डोंगरातला देवमासा’ म्हणायचे, कारण देवमासा हा मासा आणि मासा चालतो. हिकोने संस्थानातून तर शोगुनच्या दरबारी मिसोमध्ये मुरवलेलं गोमांस औषध म्हणून जायचं. खोकल्यासाठी म्हणून कपाटात ब्रँडीची बाटली ठेवणाऱ्या आणि उन्हाळ्यातही खोकणाऱ्या काकांना ओळखत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शेवटी जानेवारी १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी स्वतःच गोमांस खाल्लं आणि खाल्ल्याचं जाहीरही केलं. त्याच वर्षी शिम्बाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे सुरू झाली. एका वर्षात एका देशाला एवढे धक्के पुरेत.

तरीही जाळीवर भाजून चटणीसारख्या रसात बुडवून खायची ही पद्धत राजवाड्यातून आलेली नाही. ती आली कोरियन मजुरांबरोबर. कोरिया जपानच्या ताब्यात असताना १९२० च्या दशकात जेजू बेटावरून ओसाकाला थेट बोट सुरू झाली. कारखान्यांत राबायला आलेली माणसं त्सुरुहाशीच्या आसपास वसली. महायुद्धात शहर जळलं, स्टेशनभोवती काळा बाजार उभा राहिला. त्या बाजारात चांगलं मांस परवडणं शक्य नव्हतं, पण आतडी, काळीज, वजडी मिळायची. ज्याला इतर लोक हात लावत नव्हते ते या माणसांनी तिखट-गोड रसात मुरवलं, निखाऱ्यावर टाकलं आणि विकलं. आज त्याच वजडीचे नावानिशी चार वेगवेगळे प्रकार मेनूवर असतात, कारण बैलाला चार कप्प्यांचं पोट असतं आणि जपानी माणूस एकही कप्पा दुसऱ्यात मिसळू देत नाही.

नंतर दोन गोष्टी घडल्या. नागोयाच्या एका कंपनीनं १९८० मध्ये धूर टेबलाच्या आतूनच खाली ओढून घेणारी शेगडी आणली. त्यामुळे ऑफिसच्या कपड्यांत, बायकामुलांसकट याकिनिकू खाणं शक्य झालं. १९९१ मध्ये आयात गोमांसावरचा कोटा उठला, अमेरिकेतून आणि ऑस्ट्रेलियातून स्वस्त मांस आलं आणि दहा वर्षांच्या आत गल्लीतल्या धुरकट दुकानाची साखळी हॉटेलं झाली. वर्तमानपत्रात छायाचित्रं येतात त्या लोण्यासारख्या वाग्यू गोमांसाचा आणि या हॉटेलांचा संबंध फारसा नाही. इथे कुटुंबं येतात, कॉलेजची पोरं येतात, आणि सांगलीहून आम्ही येतो.

आम्ही म्हणजे मी, नवरा, मोठे भाऊजी, जाऊबाई आणि ज्याच्यामुळे सगळे ओसाकाला गेलो तो त्यांचा मुलगा. तो तिथे नोकरी करतो. त्यानं आम्हाला आधी त्सुरुहाशीच्या गल्ल्यांतून फिरवलं, वास घेऊ दिला, किमचीची पिंपं दाखवली आणि मग दुसऱ्याच भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं. “तिथे चांगलं मिळतं काकू,” तो मला हळूच म्हणाला, “पण आपण पाच जण आहोत, आणि बाबा प्रत्येक ताटलीचे रुपये करतात. इथे एकदाच करतील.”

इथे होतं ताबेहोदाई, म्हणजे हवं तेवढं खा. माणशी साडेतीन हजार येनांच्या आसपास. भाऊजींनी दोन हजार रुपये असा हिशेब केला आणि शांत झाले. वेळ दीड तास, शेवटची वीस मिनिटं उरली की नवीन काही मागवायचं नाही, ताटात टाकलं तर वेगळा आकार. टेबलावरच्या टॅबलेटनं पहिला प्रश्न विचारला, की मोठी माणसं किती, मुलं किती आणि साठीच्या पुढचे किती. साठीच्या पुढच्यांना सूट होती.

आता भाऊजी पाटबंधारे खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा वयालाही त्यांनी तिथेच निवृत्त केलं होतं. केस महिन्याला रंगतात. विमानात शेजारच्यानं “काका” म्हटलं म्हणून त्यांनी सिंगापूरपर्यंत त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण सूट म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप वर गेला. “मी सहासष्ट. पासपोर्ट आहे. हिलाही धर.” जाऊबाई म्हणाल्या, “मला अजून साठ व्हायचीत,” आणि पूर्ण पैसे भरून त्यांनी आपली पन्नाशी राखली.

हा निर्णय किती महाग होता हे कळण्यासाठी एक सांगायला हवं. जाऊबाई माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाआड वारी. आणि ताबेहोदाईत शाकाहाराला सूट नसते. आमच्या टेबलाचा एकूण ताळेबंद असा होता, की एक बाई काहीच खाणार नाही, तीन माणसं गोमांस खाणार नाहीत, आणि जी काय किंमत आपण मोजली ती जवळजवळ सगळी गोमांसाची आहे. असं गिऱ्हाईक आलं की मालक मागच्या खोलीत जाऊन हात जोडत असेल.

आमचे कोट प्लास्टिकच्या पिशवीत गेले, पिशवी बाकाखालच्या पेटीत गेली, आणि प्रत्येकाच्या गळ्यात कागदी लाळेरं आलं. भाऊजींनी लाळेरं बांधल्यावर सबंध टेबलाची पाहणी केली. आयुष्यभर कालव्याच्या पाण्याचं वाटप केलेला माणूस तो. जाळीकडे बघून त्याला लाभक्षेत्र दिसलं. “पहिलं आवर्तन शाकाहारी,” त्यांनी जाहीर केलं. “जाळी कोरी आहे तोवर हिचं उरकून घ्या. मग उजवा कालवा डुकराला, डावा कोंबडीला. कोळंबी टेलला.”

ही योजना मला आजही निर्दोष वाटते. कोऱ्या जाळीवर लाल भोपळ्याच्या फोडी आल्या, कांद्याच्या चकत्या आल्या, जाड देठाचे मशरूम आले. मक्याचे दाणे तर ॲल्युमिनियमच्या वाटीत लोण्यासकट येतात, त्यांचा जाळीशी स्पर्शही नको. जाऊबाई खूश झाल्या. मग त्यांनी किमचीकडे हात नेला तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, त्यात बारीक कोळंबी मुरवलेली असते.” सूपकडे नेला तेव्हा म्हणाला, “आई, ते मांसाच्या पाण्यातलं.” जाऊबाईंनी मग लेट्यूसच्या पानात भात घेतला, त्यावर भोपळा ठेवला आणि पर्स उघडली. पर्समध्ये शेंगदाण्याची चटणी होती का, असं विचारणारा वाचक मराठी नव्हे.

तेवढ्यात पहिली ठरलेली ताटली आली. ती आणली यंत्रानं. मांजराचा चेहरा असलेलं, पोटात चार कप्प्यांचं फडताळ घेतलेलं यंत्र गाणं म्हणत टेबलाशी येऊन थांबलं. भाऊजींनी त्याला नमस्कार केला. ताटलीत पातळ, लालभडक, पांढऱ्या रेघांचे तुकडे होते.

“हे कसलं?”

पुतण्यानं पाणी प्यायलं. “ते... माझं आहे, बाबा. ते तुम्ही नका घेऊ.”

सबंध टेबल गप्प झालं. जाऊबाई छताकडे बघू लागल्या. माझा नवरा टिश्यूच्या खोक्यावरचा जपानी मजकूर मन लावून वाचू लागला, त्याला जपानी येत नाही. एका बापाला, परमुलखात, लाळेरं बांधलेल्या अवस्थेत, मुलगा काय खातो ते कळलं होतं. भाऊजींनी ताटलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग टॅबलेटकडे पाहिलं, कारण तिथे कोपऱ्यात उरलेली मिनिटं दिसत होती आणि ती कमी होत होती.

“हे सुटं घेतलं तर केवढ्याला?”

मुलानं आकडा सांगितला.

“आणि डुकराचं?”

तो आकडा बराच लहान होता. भाऊजींनी मनात भागाकार केला. सरकारी नोकरीत असे प्रसंग येतात, की एकीकडे तत्त्व असतं आणि दुसरीकडे मार्चअखेर.

“मग बघत काय बसलायस?” ते म्हणाले. “मागव अजून.”

त्या क्षणापासून पुतण्याच्या पोटावर घराण्याची भिस्त आली. पाच जणांचे पैसे एकट्यानं वसूल करायचे होते. त्यानं भातासाठी हात पुढे केला तर भाऊजींनी वाडगा बाजूला सरकवला. “भातानं पोट भरतं. तो त्यांचा डाव आहे.” खरं तर रसात बुडवलेला गरम तुकडा भातावर क्षणभर टेकवायचा, भाताला रस लागला की तुकडा खायचा आणि मग तो डागाळलेला भात खायचा, यातच या जेवणाचा जीव आहे. पण वसुलीवर निघालेल्या माणसाला चव दिसत नाही. “खा बाळ, खा. आईकडे बघू नकोस.”

या सगळ्यात चिमटा माझ्या नवऱ्याच्या हाती कधी गेला ते मला कळलं नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे आपल्याला ठाऊक आहे. जपान्यांनी याचं पदच निर्माण केलं आहे. जेवणाच्या टेबलावर रटरटणाऱ्या हांडीचा ताबा घेऊन कुणी काय केव्हा टाकायचं ते ठरवणाऱ्या माणसाला ते नाबे-बुग्यो म्हणतात. बुग्यो म्हणजे एदो काळातला न्यायदंडाधिकारी. याकिनिकूच्या जाळीवरही असा बुग्यो निघतोच. एका साखळी हॉटेलात तर ‘याकिनिकू पोलिस’ म्हणून कर्मचारीच नेमलेले असतात. ते टेबलाटेबलांवरून फिरत कुठला तुकडा कसा भाजावा याचा सल्ला देतात. आमच्या टेबलाला पोलिसांची नाही, पोलिसांपासून संरक्षणाची गरज होती.

नवरा विमा कंपनीत आहे. जोखीम घेणं त्याच्या रक्तात नाही. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, खायच्या चॉपस्टिक वेगळ्या, हा नियम त्यानं आम्हाला एवढ्या वेळा ऐकवला, की जाऊबाईही मक्याच्या दाण्यांना दोन चमचे वापरू लागल्या. नियम बरोबरच आहे. डुकराचं आणि कोंबडीचं मांस आतपर्यंत शिजलं पाहिजे, हेही बरोबर. पण त्यासाठी दर चार सेकंदांनी ते उलटावं लागत नाही. पोळीचा पापुद्रा सुटतो म्हणजे काय, हे ज्यानं लग्नानंतर एकदाही उठून पाहिलेलं नाही, तो माणूस डुकराच्या पट्टीच्या कडेला डोळे लावून बसला होता आणि मला सांगत होता, “घाई नको. आत उष्णता पोचू दे.” मला! मी एकवीस माणसांच्या पुरणपोळ्या केल्या आहेत.

पुतण्या मधूनमधून खरं ज्ञान पुरवत होता. जीभ पातळ कापलेली असते. ती आधी खायची, मीठ-लिंबाबरोबर, कारण एकदा गोड रसातलं मांस जाळीवर आलं की जाळी चिकट होते. जीभ एकाच बाजूनं भाजायची, कडा वळून वर आल्या की उलटून लगेच उचलायची. आतड्याचा तुकडा आधी सालीच्या बाजूनं जवळजवळ पुरता भाजायचा, चरबीची बाजू फक्त दाखवल्यासारखी. नवऱ्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांनी तेच आम्हाला स्वतःचा अनुभव म्हणून सांगितलं.

आतडं भाजताना मात्र चरबी विस्तवात गळली आणि टेबलाच्या मधोमध हातभर ज्वाळा उठली. जाऊबाईंनी “पांडुरंगा” म्हटलं. भाऊजी पाण्याचा पेला घेऊन उठले; पूरनियंत्रण हा त्यांचा विषय. पण त्याआधीच एक मुलगी धावत आली आणि तिनं वाटीभर बर्फ आणून ठेवला. जाळीवर बर्फाचे खडे टाकले, चुर्र झालं, आग खाली बसली. इथे ही रोजची गोष्ट आहे. आग लागण्याइतकं मांस तुम्ही मागवणार आणि ती विझवायला बर्फ ते देणार, एवढा परस्परविश्वास मी दुसऱ्या कुठल्या हॉटेलात पाहिलेला नाही. मुलीनं जाताजाता काळी झालेली जाळी आकड्यानं उचलून नवी बसवली. फुकट. हे कळल्यावर भाऊजींनी आणखी दोनदा जाळी बदलून घेतली.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जपानी जोडपं होतं. आजोबा भाजत होते, आजी काही न बोलता तुकडे उचलत होत्या. आजोबा प्रत्येक तुकडा उलटताना ओठ मुडपत. एकदा आजींनी जाळीकडे चॉपस्टिक नेली, आजोबांनी मान हलवली, चॉपस्टिक मागे गेली. आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आजींकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि काही अडलंही नाही.

पलीकडे कॉलेजातल्या मुलामुलींचा घोळका होता, तिथे चिमटा एका मुलीकडे होता. ती जाळीकडे न बघता बोलत होती, हसत होती आणि मांस बरोबर वेळेला उलटत होती. मुलं गुपचूप खात होती. या देशाचं भवितव्य ठीक आहे, असं मला वाटलं.

वीस मिनिटं उरली तेव्हा टॅबलेट वाजला आणि आता शेवटचं मागवून घ्या असं सांगू लागला. आयुष्यात ज्यांनी लग्नाच्या पंगतीतसुद्धा दुसरी जिलेबी नको म्हटलं, त्या भाऊजींचं बोट त्या पडद्यावर थरथरत फिरू लागलं. हे घे, ते घे, ते चित्र काय आहे माहीत नाही पण घे. मांजर आलं, गेलं, परत आलं. टेबलावर जागा उरली नाही तेव्हा पुतण्यानं चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि पहिल्यांदाच जपानी माणसासारखं वाकून सांगितलं, “बाबा, मला आता जमणार नाही.”

गोमांसाच्या दोन भरलेल्या ताटल्या समोर होत्या. भिंतीवर, टाकलेल्या अन्नाचे वेगळे पैसे लागतील, अशी सूचना चित्रासकट लावलेली होती. पुतण्या मागे रेलून डोळे मिटून बसला होता. नवरा प्रवासाला निघताना देवघरासमोर आईला काय कबूल करून आला होता ते मला माहीत होतं. भाऊजी एकदा त्या सूचनेकडे बघत, एकदा ताटल्यांकडे.

पुढच्या दहा मिनिटांत त्या टेबलावर काय झालं ते मी सांगू शकत नाही. जाऊबाई व्हॅनिला आइस्क्रीमकडे बघत होत्या आणि मी जाऊबाईंकडे. चुर्र असा आवाज येत होता, तो मी ऐकला. आमची वर मान झाली तेव्हा दोन्ही ताटल्या रिकाम्या होत्या आणि दोघे भाऊ लहानपणी कृष्णेत पोहायला गेल्याच्या आठवणी फार मोठ्यानं काढत होते.

बिल देताना काउंटरवर प्रत्येकाला च्युइंगम मिळतं, लसणाच्या वासावर उतारा म्हणून. कपड्यांवर मारायला फवारा असतो. टिप घेत नाहीत. भाऊजींनी बिलाचं दोनदा गणित तपासलं, जाऊबाईंच्या वाट्याला मक्याचा दाणा काय भावानं पडला ते काढलं आणि परतीच्या लोकलमध्ये त्यांना सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, “साठ झाले की परत येऊ.”

तोक्योला गेल्यावर एका दुपारी मला सुटी मिळाली. दोघे भाऊ ओमियाच्या रेल्वे संग्रहालयात गेले. १८७२ साली शिम्बाशीहून सुरू झालेल्या त्या पहिल्या रेल्वेचं इंजिन तिथे ठेवलं आहे. जाऊबाईही गेल्या, कारण संग्रहालयात निदान कुणी काही भाजत नाही. मी खुद्द शिम्बाशीला गेले. ‘याकिनिकू लाइक’ या साखळीनं २०१८ मध्ये पहिलं दुकान इथेच काढलं. कल्पना एवढीच, की प्रत्येक खुर्चीसमोर एकट्या माणसापुरती छोटी शेगडी. टाय सैल केलेले ऑफिसवाले रांगेनं बसलेले, प्रत्येकाच्या पुढे वीतभर जाळी, प्रत्येकाच्या हाती स्वतःचा चिमटा. कुणी कुणाला काही सांगत नाही. संसारी माणसानं तिथे बसून डोळ्यांत पाणी आणावं असं ते दृश्य आहे, आणि ते धुरानं आलं असं म्हणायचीही सोय नाही, कारण धूर खाली ओढला जातो.

मी बसले. टॅबलेटवर काय दाबलं ते माझ्यात आणि टॅबलेटमध्ये. भात मोठा घेतला. काही मिनिटांत ताटली आली, मी तुकडे मोजून मांडले, हवा तेवढा वेळ दिला, भातावर टेकवून खाल्ले. एकही करपला नाही. तेवढ्यात फोन थरथरला. नवरा होता, व्हिडिओवर. मागे काळंभोर इंजिन आणि त्याच्या चाकाला हात लावून बघणारे भाऊजी.

“कुठेयस? अरे वा! थांब, फोन जरा खाली धर, जाळी दिसू दे. हां. आच जास्त आहे. मधला बघ, कडा वळल्या त्याच्या. उलट आता, उलट, उलट! आणि हे आहे कसलं गं?”

मी उलटा केला. फोन.